बारक्याचा व्हिडिओ

रविवारी दुपारी दोन वाजता दादाने दुकानाचं शटर अर्ध्यावर आणलं आणि तिथंच सोडलं. पूर्ण लावावं तर गल्लीला वाटणार काहीतरी झालंय, आणि उघडं ठेवावं तर येणारा प्रत्येक जण विचारणार. कालपासून तिघांनी विचारून झालं होतं. चौथ्याने तर खोकल्याची बाटली उजेडात धरून, "पाणी नाही ना हो घातलेलं?" असं म्हणून वर डोळा मारला. दादा त्याच्याबरोबर हसला. तीस वर्षं औषधं विकणाऱ्या माणसाला कशावरही हसता यावं लागतं. मग तो वर आला आणि बराच वेळ हात धूत बसला.

वर, दुकानाच्या डोक्यावरच्या खोलीत, वहिनी चहाचं आधण ठेवून उभी होती. तिला सगळं घर वहिनीच म्हणायचं, थोरली नणंदसुद्धा. नवरा सोडला तर तिला नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, आणि नवरा, म्हणजे दादा, तर "अगं"वरच भागवायचा.

"मलाही टाक गं अर्धा कप," टेबलाजवळून ताई म्हणाली.

वहिनीच्या हातातला साखरेचा चमचा तसाच राहिला. ताई म्हणजे तिची नणंद, या तिघा भावंडांतली सगळ्यांत मोठी. सासूबाई गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत ती या घरात तीनदा आली असेल, आणि तिन्ही वेळा तिने वहिनीच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तहान लागली की उठायची, पेला विसळायची, नळाचं प्यायची. पंचवीस वर्षं शाळेत पोरांना शिस्त लावलेली बाई, तिचा अबोलाही अगदी नियमाने चालायचा. आणि आज अर्धा कप चहा!

"साखर?" वहिनीने विचारलं.

"तुला माहीत आहे की." ताईने तिच्याकडे न बघता म्हटलं.

नक्कीच काहीतरी झालं होतं. काय ते वहिनीला कुणी सांगितलं नव्हतं. बारक्याने, म्हणजे धाकट्या दिराने, इंटरनेटवर टाकलेल्या कुठल्याशा व्हिडिओत काहीबाही बोलून दुकानाचं नाव बुडवलं, एवढंच दादाने परवा सांगितलं होतं आणि मग तोंड शिवलं होतं. व्हिडिओ तू बघू नकोस, असंही तो जाता जाता म्हणाला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत दादाने तिला एखादी गोष्ट बघू नकोस म्हणून सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

बारक्या मागच्या लोखंडी जिन्याने आला. पुढून आला असता तर दुकानातून यावं लागलं असतं, आणि औषधाच्या दुकानात पाय ठेवायचा नाही हा त्याचा नियम होता. त्याचा म्हणजे त्याच्या व्यसनमुक्तीच्या गटाचा. आधी औषधं बनवणारा हा माणूस आता धुलाईच्या कारखान्यात इस्पितळांच्या चादरींच्या घड्या घालायचा. हातांची सालं निघाली होती, पण गाल भरले होते. दारातच त्याने चपला काढल्या आणि भिंतीशी सरळ लावून ठेवल्या. पूर्वी त्याची एक चप्पल जिन्यात सापडायची आणि दुसरी सापडायचीच नाही.

"बस," दादा म्हणाला. "काढलास?"

"नाही."

"दोन दिवस झाले सांगून."

"म्हणून तर आलोय ना, दादा. फोनवर बोलण्यासारखं नाही हे." तो बसला, पण खुर्चीच्या कडेवर. "वहिनींना विचारल्याशिवाय मी काढणार नाही."

"तिचा काय संबंध?"

यावर ताईने चहाचा कप खाली ठेवला. आवाज जरा मोठा झाला. "दादा, उगाच काय बोलतोस? संबंध कसा नाही?"

वहिनी ओट्याला पाठ टेकून उभी होती. तिघांच्या तोंडाकडे तिने आळीपाळीने बघितलं. तिघांनाही काहीतरी ठाऊक होतं, आणि तिला सोडून सगळ्यांनी ते वाटून घेतलं होतं. तिला संताप आला. असा लख्ख संताप तिला फार वर्षांत आला नव्हता.

"मला बघायचाय तो व्हिडिओ," ती म्हणाली.

"अगं, कशाला? काय बघायचंय त्यात? दारुड्यांची रडारड."

"बघायचाय म्हटलं ना!"

बारक्याने खिशातून मोबाईल काढला, पेल्याला टेकवून टेबलावर उभा केला आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

पडद्यावर नऊ चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात एक पुरुष. कुणी स्वयंपाकघरात, कुणी गाडीत, एक तर बाथरूममध्ये बसलेला, मागे बादली दिसत होती. नाव कुणीच सांगत नव्हतं. आपला धंदा सांगायचा, मग नशा सोडून किती दिवस झाले ते सांगायचं, मग बोलायचं. दुसऱ्याबद्दल बोलायचं नाही, फक्त स्वतः काय केलं ते बोलायचं. एकदा बोललेलं मागे घ्यायचं नाही.

"ट्रक चालवतो. एकोणऐंशी दिवस," गाडीतला म्हणाला. दाढी वाढलेली, आवाज घोगरा. "काल पोराने पहिल्यांदा माझ्या शेजारी बसायला हो म्हटलं. आधी मागे बसायचा. विचारलं तर म्हणाला, बाबा, मागून दार पटकन उघडता येतं." मग तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. त्याने कॅमेऱ्यावर हात ठेवला. बाकीचे आठ जण थांबले. कुणी "रडू नको" म्हटलं नाही, कुणी शहाणपणा शिकवला नाही. हात निघेपर्यंत सगळे नुसते बसून राहिले.

"ढकल पुढे," ताई म्हणाली. "बारक्याचं शेवटी आहे."

"राहू द्या हो ताई," वहिनी म्हणाली. "बोलू दे त्याला."

ट्रकवाल्यानंतर एक निवृत्त मास्तर बोलले. तीन हजारांवर दिवस झाले होते, तरी अजून बायको त्यांची पाण्याची बाटली उघडून वास घेते. "घेऊ दे," मास्तर म्हणाले, "तिच्या नाकाचा तो हक्क आहे." सगळे हसले. वहिनीही हसली असती, पण तेवढ्यात खालच्या चौकोनात बारक्या दिसला, त्याच्या भाड्याच्या खोलीत, मागे दोरीवर बनियन.

"औषधं बनवायचो. चारशे बारा दिवस," पडद्यावरचा बारक्या म्हणाला. समोर बसलेल्या बारक्याने मान खाली घातली.

"माझ्या आईच्या हाडांत दुखणं होतं. बरं होणारं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त दुखू द्यायचं नाही. तिचं मॉर्फिनचं औषध मीच बनवायचो, आमच्या दुकानात. मी तेव्हा ते स्वतः घ्यायला लागलो होतो. आधी दुकानातलं उरलंसुरलं घ्यायचो. मग उरेनासं झालं. मग मी आईच्या बाटलीतलं काढलं. निम्मं. नंतर निम्म्याहून जास्त. वर पाणी घातलं, साखरेचा पाक घातला. मॉर्फिन कडू असतं, कुणाला कळू नये म्हणून तसंच कडू क्विनाइन घातलं. जिभेवर ठेवलं तरी साध्या माणसाला कळणार नाही. औषधवाल्यालाच कळेल, की हा कडवटपणा वेगळा आहे." तो थांबला. "आईला कळलं होतं. तिने जन्म औषधांच्या वासात काढला होता. एकोणीस दिवस ती पाणी प्यायली आणि ओरडली. मी खाली दुकानात बसून ऐकायचो. आणि पाजणारीवर आळ आला, तिने वेळेवर दिलं नाही म्हणून. ती बाई वेळेवरच देत होती. जे देत होती त्यात काही नव्हतं. हे मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज सांगतोय."

मग मास्तर म्हणाले, "ऐकलं आम्ही." एवढंच. व्हिडिओ संपला.

खोलीत नळ ठिबकत होता. वहिनीला वाटलं, आता आपण रडू, पण रडू आलंच नाही. तिच्या डोक्यात एकच दुपार उभी राहिली.

त्या एकोणीस दिवसांतली ती दुपार तिची स्वतःची होती, कुणालाही न सांगितलेली. दहावा दिवस. तीन रात्री जागून झाल्या होत्या. सासूबाईंच्या पलंगाशी भिंतीला टेकून बसली आणि डोळा लागला. चारचं औषध तिने सव्वापाचला दिलं. सासूबाई तेव्हा ओरडतही नव्हत्या, नुसत्या तिच्याकडे बघत होत्या. म्हणून पुढे, सगळं संपल्यावर, ताईने चपला काढायच्या आत भरल्या घरात बोट दाखवलं, "वहिनी, तू वेळेवर दिलं नाहीस, माझी आई तुझ्या आळसाने तळमळून गेली," तेव्हा वहिनीची मान खाली गेली, ती त्या सव्वा तासामुळे. भांडायला तिच्याकडे तोंडच नव्हतं. दादा शेजारीच होता. "जाऊ दे ताई, आता बोलून काय उपयोग," असं म्हणाला होता. आणि दाराच्या चौकटीत तेरा वर्षांची लेक उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

लेक आता चोवीस वर्षांची. दूरच्या शहरात नोकरी करते. दोन वर्षांमागे तिचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा वहिनी धावत गेली होती. रात्रीची गोळी पुढे केली तर लेक म्हणाली, "आई, औषधांचं मी बघते. तू राहू दे." अगदी सहज म्हणाली, रागाने नाही. तिथून परत येताना वहिनी सगळा प्रवास खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"वहिनी," बारक्या म्हणाला. "गटात नाव घ्यायचं नाही असा नियम आहे. म्हणून तुमचं नाव नाही घेतलं. पायावर डोकं ठेवून माफी मागायची लायकी माझी नाही. तुम्ही सांगाल ते करतो. ठेव म्हणालात तर ठेवतो, काढ म्हणालात तर आत्ता काढतो."

"विचारतोस काय?" दादा उसळला. "अरे, आवाजावरून ओळखलंय लोकांनी! चेहरा तर दिसतोच आहे! औषध खात्याचा निरीक्षक उद्या-परवा दारात उभा राहील. परवाना गेला की संपलं. बाबांनी सायकलवर बाटल्या पोचवून उभं केलेलं दुकान आहे ते. तुझं मन हलकं करायला आम्ही सगळ्यांनी रस्त्यावर यायचं का?"

"मी काढला तर परत घ्यायला लागेन, दादा. मला माहीत आहे माझं. लपवायला लागलो की पुढची पायरी तीच."

"मग घरात सांग ना! आम्ही आहोत की. आमच्यापुढे बोल, वाटेल तेवढा रड. जगाला कशाला?"

"घरात सांगायला आलो होतो. तीनदा. तू म्हणालास, जुनं उकरू नकोस."

ताईने झटकन मान वळवली. "तीनदा? काय सांगायला आला होता?"

"काय ते स्पष्ट नाही बोललो," बारक्या म्हणाला. "आईच्या औषधाबद्दल बोलायचंय म्हटलं. तिन्ही वेळा यानं विषय बदलला."

"हे बघा," दादा म्हणाला, आता आवाज खाली आणून, गिऱ्हाइकाला समजावतात तसा. "झालं ते वाईट झालं. मला काय आनंद आहे का त्याचा? पण आता घरात सगळ्यांना खरं कळलंय. ताईला कळलं. हिला कळलं. हिच्यावरचा आळ गेला. मग आता तो व्हिडिओ ठेवून मिळवायचंय काय? ताई, तूच सांग."

ताईने कप फिरवला. ती आली होती ती दादाच्या बाजूने, हे उघड होतं. सकाळी दोघांचं खाली दुकानात बोलणं झालं होतं. "दादाचं तेवढं बरोबर आहे," ती हळू म्हणाली. "वहिनी, माझं चुकलं. फार चुकलं. अकरा वर्षं मी तुला नको नको ते बोलले, न बोलूनही बोलले. मी चारचौघांत माफी मागते तुझी. पण दुकान गेलं तर तुमचंच दोघांचं म्हातारपण उघड्यावर पडेल गं. घरातल्यांना कळलं ना? बास झालं की."

वहिनीने तिचं बोलणं ऐकलं, पण तिचं लक्ष दादाच्या उजव्या हाताकडे होतं. तो अंगठ्याने तर्जनी घासत होता. दुकानाच्या जुन्या पद्धतीतून लागलेली सवय होती ती. सासऱ्यांनी दोन्ही पोरांना लहानपणीच लावलेली. बनवलेली बाटली गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आधी एक थेंब बोटावर घ्यायचा, जिभेच्या टोकावर ठेवायचा. दुकानातून चुकीचं औषध जाता कामा नये. दादाने ही पद्धत कधी मोडली नाही. तापात असतानाही मोडली नाही.

"अहो," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी मी बाटली घेऊन खाली आले होते."

दादाचा अंगठा थांबला.

"कसली बाटली?" ताई म्हणाली.

"सासूबाईंची. सकाळचा चमचा दिला तर थुंकल्या. म्हणाल्या, हे आपलं नव्हे. आपल्या दुकानातलं नव्हे हे. मला वाटलं भ्रमात बोलतायत. तरी मी बाटली घेऊन यांच्याकडे गेले, म्हटलं, बघा तरी एकदा. यांनी थेंब बोटावर घेतला, जिभेवर ठेवला. किती वेळ उभे राहिले. मग बूच लावून बाटली माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, ठीकच आहे, आजारात तोंडाची चव जाते."

बारक्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"साध्या माणसाला कळणार नाही, औषधवाल्यालाच कळेल," वहिनी म्हणाली. "भाऊजी आत्ताच म्हणाले ना? हे साधे माणूस आहेत का?"

"दादा?" ताई म्हणाली.

"अगं, इतक्या जुन्या गोष्टी... कुणाला आठवतंय..."

"दादा, माझ्याकडे बघ. कळलं होतं तुला?"

दादा खिडकीकडे बघत होता. खिडकीतून दुकानाच्या पाटीची मागची बाजू दिसायची, गंजलेला पत्रा नि खिळे. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता. "पावडर उरलीच नव्हती. यानं सगळी संपवली होती. नवी मागवायची तर परवानगीचा कागद लागतो. पहिली कुठे गेली ते विचारलं असतं. हा तुरुंगात गेला असता. दुकानाला टाळं लागलं असतं. आणि डॉक्टर म्हणाले होते, दोन-चार दिवसच आहेत. मला वाटलं, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न."

"दोन-चार दिवस!" ताई उभी राहिली. "ती एकोणिसाव्या दिवशी गेली रे! चौथ्या दिवशी तुला कळलं म्हणतोस. पंधरा दिवस! पंधरा दिवस माझी आई वर ओरडत होती आणि तू खाली पुड्या बांधत होतास?"

"दुसऱ्या दुकानातून आणता आलं असतं," बारक्या पुटपुटला. "डॉक्टरांना सांगून इस्पितळात नेता आलं असतं तिला. तुला माहीत होतं आणि तू मला एक शब्द बोलला नाहीस? मला एक थोबाडीत मारली असतीस दादा, तर माझी पुढची दहा वर्षं..."

"तुलाच वाचवत होतो रे मूर्खा!"

"मला?" बारक्या म्हणाला. "मी रोज मरत होतो की तुझ्यासमोर."

दादाने दोन्ही तळहात टेबलावर आपटले. "सगळे मलाच बोला! घेतलं यानं, प्यालं यानं. मला आयुष्यात साधं कसलं व्यसन नाही. घर चालवलं, दुकान चालवलं, याला तीन वेळा दवाखान्यात घातलं. आणि आरोपी मी?"

यावर बोलायला बारक्या नि ताई दोघंही पुढे झाले होते, पण वहिनीने हात वर केला आणि ते थांबले. या घरात तिने हात वर केल्यावर कुणी थांबल्याचं हे पहिलंच.

तिला तिच्या नवऱ्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. आईचं ओरडणं त्यानेही ऐकलंच होतं. पंधरा दिवस तो जेवायला वर यायचा नाही, भूक नाही म्हणायचा, आणि तिला वाटायचं, आईचं दुःख बघवत नाही बिचाऱ्याला. ती त्याचं ताट झाकून ठेवायची. ते सगळं तिला समजू शकत होतं. तो भ्याला, हेही समजत होतं. पण पुढची अकरा वर्षं? दिवसा शेजारी बसून, रात्री शेजारी झोपून, ती कशानं सुकत चाललीय हे त्याला दिसत होतं. एक वाक्य पुरलं असतं. दारं-खिडक्या लावून, तिच्या एकटीच्या कानात सांगितलं असतं, तरी पुरलं असतं. ते त्याने सांगितलं नाही, हे मात्र तिला काही केल्या समजेना.

"व्हिडिओचं तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "ठेवा, काढा. जगाला कळून मला काय करायचंय? जगाने मला कधी काही विचारलं नव्हतं. फक्त एकीला कळलं पाहिजे. आणि ते मी सांगणार नाही, भाऊजी सांगणार नाहीत. तुम्ही सांगायचंय. फोन लावा तिला."

"कुणाला?" दादाने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

"आपल्या लेकीला."

"अगं, आत्ता? रविवार आहे, ती आराम करत असेल. मी सांगेन सावकाश. पुढच्या महिन्यात येईल तेव्हा..."

"आत्ता. आणि नुसता आवाज नको. तुमचं तोंड दिसलं पाहिजे तिला."

"मला कॅमेऱ्यासमोर नाही बोलता येत."

"तुझ्या भावाला आलं," ताई म्हणाली. ती जाऊन वहिनीच्या खुर्चीमागे उभी राहिली होती. "बोल."

दादाने बारक्याकडे बघितलं, निदान हा तरी आपल्या बाजूने काही बोलेल अशा आशेने. बारक्याने स्वतःचा मोबाईल उचलून खिशात ठेवला. "मी व्हिडिओ ठेवतोय, दादा," तो म्हणाला. "निरीक्षक आला तर मला बोलाव. जे केलं ते मी केलं, असं त्याला मीच सांगेन. पण हे तुझं आहे. हे मला नाही सांगता येणार."

दादाने स्वतःचा फोन काढला. लेकीचं नाव शोधायला त्याला वेळ लागला. एरवी फोन वहिनी लावायची आणि हा मागून "बरी आहेस ना?" एवढं ओरडायचा. त्याने पेल्याला फोन टेकवला, तो घसरला, त्याने परत टेकवला. चार वेळा घंटी वाजली. मग लेकीचा चेहरा आला, केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"बाबा? तुम्ही आणि व्हिडिओ कॉल? आईला काही झालं का?"

"नाही, नाही. आई इथंच आहे. बरी आहे." त्याने घसा खाकरला. "बाळ, जरा बस. तुझ्याशी बोलायचंय. आजीच्या औषधाबद्दल."

"आजीच्या?"

दादाने फोन उचलून वहिनीपुढे धरला. "तूच सांग गं," तो कुजबुजला. "मला नाही होत."

वहिनीने फोन घेतला नाही. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि भिंतीकडे बघत राहिली. दादाचा हात तसाच हवेत राहिला. पडद्यावर लेक "बाबा, काय चाललंय? बाबा?" असं विचारत होती. शेवटी त्याने फोन परत पेल्याशी नेला.

"आजीच्या औषधात पाणी होतं," तो म्हणाला. "औषध नव्हतंच त्यात. तुझ्या काकाने काढून घेतलं होतं. तुझी आई वेळेवर देत होती. ती माझ्याकडे बाटली घेऊनही आली होती. मी चाखून बघितलं. मला कळलं होतं. मी तिला सांगितलं, ठीक आहे म्हणून." तो थांबला. कपाळावरचा घाम त्याच्या भुवईत उतरला होता. "तेव्हापासून मला माहीत आहे. सगळे तिला बोलले तेव्हाही माहीत होतं. मी गप्प बसलो."

लेकीचा चेहरा हलेना. फोन अडकला असं वाटावं इतका वेळ ती तशीच बसली. टॉवेल खांद्यावरून घसरला तरी तिने तो सावरला नाही.

"आईला द्या," ती म्हणाली.

या वेळी वहिनीने फोन घेतला. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. बापाबद्दल तिने शब्दही काढला नाही.

"आई, मी तुला... ऑपरेशनच्या वेळी मी तुझ्या हातची गोळीसुद्धा..." मग ती जवळजवळ ओरडली, "इतकी वर्षं तू एकदा तरी का नाही म्हणालीस, की मी दिलं होतं म्हणून? एकदा म्हणायचंस! मी तरी ऐकलं असतं ना! का नाही म्हणालीस?"

मागे ताई हुंदके देत होती. दादा खुर्चीत बसून होता. वहिनीने फोन जरा जवळ धरला.

"कसं म्हणणार, बाळ?" ती म्हणाली. "माझंच चुकलं, असं मलाही वाटत होतं."